टाकीत अ‍ॅसिड, विहिरीत गाळ आणि चवथ तोंडावर

पत्र :

ताई, आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. जुनं घर, मागे पोफळी-केळींचं कुळागर, दारात विहीर. मुलगा चार वर्षांचा. आषाढात त्याला ताप-खोकला झाला तेव्हा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. तो संपतो न संपतो तोच परत खोकला, म्हणून फार्मसीतून आणून दुसरा दिला. तेव्हापासून पोट बिघडलंय, दिवसातून तीन-चारदा पातळ होतं. आता फार्मसीवाल्याने चांगल्या जंतूंच्या म्हणून महागड्या कॅप्सूल दिल्यात. सासूबाईंनी थंड म्हणून दही-ताक बंद केलंय. नवऱ्याने जंतूंविरुद्ध युद्धच पुकारलंय. फरशीला फिनाईल, संडासात अ‍ॅसिड, त्यावर ब्लीचिंग पावडर. सगळे जंतू मेले तर बिघडलं कुठे, असं त्याचं म्हणणं. तरी संडासाच्या टाकीला वास सुटलाय, आणि परवा एक विक्रेता टाकीत घालायचे जिवाणू म्हणून पावडरचा डबा दाखवून गेला. म्हणजे जंतू मारायलाही पैसे आणि आणायलाही पैसे! त्यात विहिरीच्या कडेला नारिंगी बुळबुळीत थर धरलाय, मामंजींना त्याची धास्ती. गणपतीच्या चवथीला मुंबई-पुण्याहून सगळे येणार, पंचवीस-तीस माणसं होतील. जंतू मारायचे की जपायचे, एकदा नीट सांगा.
– एक वाचक, डिचोली

उत्तर :

नमस्कार.

मारायलाही पैसे आणि आणायलाही पैसे, हे तुम्ही नेमकं पकडलंत. मारायचे की जपायचे हा प्रश्न जंतूचं नाव वाचून सुटत नाही, तो कुठे राहतोय ते बघून सुटतो. ई. कोलाय हे नाव तुमच्या कानावर असेलच. बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये लहान मुलांच्या शौचात तो पहिल्यांदा पाहिला. त्याचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात जन्मभर राहतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत, उलट थोडं के जीवनसत्त्व तयार करून देतात. तोच ई. कोलाय तुमच्या विहिरीच्या पाण्यात सापडला, तर विहिरीत कुठून तरी मैला उतरतोय याचा तो पुरावा. आतड्यात असेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही, विहिरीत असेल तर त्याला हाकलायचं आणि तो आला कुठून ते शोधायचं. तुमच्या घरातला सगळा गोंधळ हे उलटं झाल्याने उडालाय. आतड्यात आणि टाकीत, जिथे जंतू हवेत, तिथे मारामारी चाललीय. विहिरीत, जिथे ते नकोत, तिथलं पाणी कुणी तपासलंय का, याचा पत्रात उल्लेखही नाही.

आधी मुलाचं. मी डॉक्टर नाही, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत आले. तेव्हा मी लिहिते ते डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यायचं, डॉक्टरांऐवजी वापरायचं नाही. अँटिबायोटिक चालू असताना किंवा संपल्यावर काही दिवस मुलांचं पोट पातळ राहणं नेहमीचं आहे आणि बहुतेकदा ते आपलं आपण थांबतं. पण चौदा दिवस उलटून गेले असतील तर हा प्रश्न फार्मसीच्या काउंटरवर सोडवायचा राहत नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शौचात रक्त, ताप, पोट फुगणं, मूल मलूल, डोळे खोल गेलेले, लघवी फारच कमी, यातलं काहीही दिसलं तर चौदा दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी निघा. तोवर प्रत्येक पातळ शौचानंतर ओआरएस द्या. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्याच पाण्यात अख्खं पाकीट घाला, बहुतेक पाकिटं एका लिटरची असतात. अर्ध्या भांड्यात अंदाजाने चमचाभर घालून देऊ नका, त्याने मिठाचं प्रमाण चुकतं आणि फायद्याऐवजी तोटा होतो. झिंकचं विचारा. मुलांच्या जुलाबात जागतिक आरोग्य संघटना ते सुचवते, या वयाला दिवसाला २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. स्वस्त औषध आहे, कदाचित म्हणूनच काउंटरवर कुणी आपणहून पुढे करत नाही.

दुसऱ्या कोर्सला चिठ्ठी होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ‘फार्मसीतून आणून’ एवढ्यावरून मला आला तो संशय आला. मुलांचा ताप-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक काडीचंही चालत नाही. औषधाच्या पट्टीवर जी उभी लाल रेघ असते ती शोभेची नसते, चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही असा तिचा अर्थ. काही अँटिबायोटिक्ससाठी तर २०१४ पासून दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत नोंदवून ठेवायचं असा नियम आहे. हे दुकानदाराला माहीत असतं. आता तुम्हालाही आहे.

अँटिबायोटिकने पोटात नेमकं काय होतं? २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी हिशेब मांडला, त्याप्रमाणे सत्तर किलोच्या माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. (जंतू आपल्या पेशींच्या दहापट, हा व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरणारा आकडा जुना आणि चुकीचा आहे.) या सगळ्यांचं वजन जेमतेम २०० ग्रॅम भरतं आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेला कोंडा, साल, कडधान्यातला चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी छोटी आम्लं बनतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य खाणं ते आम्ल. एवढे जण जागा अडवून बसलेले असल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला पाय ठेवायला जागा आणि खायला अन्न सहजी मिळत नाही. अँटिबायोटिक गळ्यातला जंतू मारायला पोटात जातं आणि वाटेत या वस्तीतलेही बरेच मारतं. नांगरून मोकळ्या टाकलेल्या शेतात पहिलं येतं ते तण, तसं मग नको ते आधी वाढतात.

हे भरून येतं, पण सावकाश. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात बारा धडधाकट पुरुषांना चार दिवस तीन कडक अँटिबायोटिक्स एकत्र दिली, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दीड महिन्यात त्यांच्या पोटातली वस्ती जवळजवळ पहिल्यासारखी झाली, पण एरवी सर्रास आढळणाऱ्या नऊ जाती बहुतेकांत सहा महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत. तुमच्या मुलाला इतकी कडक औषधं दिलेली नसणार. तरीही एकावर एक कोर्स चढवला की सावरायला सवड मिळत नाही, एवढं त्यातून कळतं.

वस्ती पार उजाड झाली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. अँटिबायोटिक्सनंतर, जास्त करून म्हाताऱ्या आणि इस्पितळात राहिलेल्या रुग्णांत, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील नावाचा जंतू आतड्यात माजतो आणि जुलाब पुन्हा पुन्हा उलटतो. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांना निरोगी माणसाचं शौच पातळ करून नळीवाटे आतड्यात सोडलं. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा सोळापैकी तेराजण पहिल्याच खेपेला बरे झाले होते, नुसत्या अँटिबायोटिकने तेरापैकी चार. म्हणजे औषध म्हणून एक जंतू दिलेला नव्हता, अख्खी वस्तीच उचलून नेऊन बसवली होती. चवथीच्या पंक्तीत हा विषय काढू नका, पण कॅप्सूलचा डबा हातात घ्याल तेव्हा आठवा.

कारण कॅप्सूलमध्ये एक, दोन, फार तर आठ-दहा प्रकारचे जिवाणू असतात. अँटिबायोटिक चालू असताना जुलाब होऊ नये म्हणून एक-दोन विशिष्ट प्रकारांचा थोडा उपयोग दिसलेला आहे, हे खरं. पण लेबलवर किती अब्ज लिहिलंय याला अर्थ नाही, नेमका कोणता प्रकार आणि कशासाठी याला आहे. मुलांच्या साध्या जुलाबात तर २०१८ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा औषधाने काहीच फरक पडला नाही. त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांना आढळलं की अँटिबायोटिक संपल्यावर असे बाहेरचे जंतू घेतलेल्यांच्या पोटात स्वतःची जुनी वस्ती परतायला उलट जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी नाव लिहून दिलं तर द्या. काउंटरवरून आलेला हा डबा संपला की दुसरा आणू नका, हे माझं मत.

त्यापेक्षा घरातलं द्या. उकड्या तांदळाची पेज, थोडं मीठ. पिकलेलं केळं. जुलाब आटोक्यात आला की नाचणी, मग मऊ शिजवलेले अळसांदे (चवळी) थोडेसे, मग भाज्या. चवथीला तुमच्याकडे खतखतं होणारच. त्यात सुरण, माडीचे कंद, मुळा, कच्चं केळं, दोडकी, तूरडाळ असं काय काय पडतं ते आठवा. आतड्यातल्या वेगवेगळ्या जंतूंना वेगवेगळा चोथा लागतो, आणि एका कढईत इतक्या प्रकारचा चोथा एरवी आपण क्वचितच घालतो. मुलाला तिरफळं काढून, थोडं तिखट कमी करून नक्की वाढा, पण तोवर पोट बांधून यायला हवं.

दह्याबाबतीत सासूबाईंशी मी असहमत आहे, पण भांडू नका, असं सांगा. जुलाबात आतड्याचं अस्तर खरवडलं जातं आणि दुधातली साखर पचवायची ताकद काही दिवस कमी होते, म्हणून दुधाने पोट परत बिघडतं. दह्यातले जिवाणू ती साखर आधीच बरीच फोडून ठेवतात, आणि उरलेली फोडायला लागणारं द्रव्यही सोबत घेऊन येतात. म्हणून दूध न सोसणाऱ्या मुलाला बहुधा दही सोसतं. दह्यातले जंतू आतड्यात घर करून राहत नाहीत, दोन-चार दिवसांत निघून जातात, तेव्हा दही म्हणजे रामबाण असंही कुणी समजू नये. दुपारी, ताजं, आंबट नसलेलं, वाटीभर. फ्रिजमधलं थंडगार देऊ नका, म्हणजे सासूबाईंचाही मान राहील.

आता यजमानांकडे वळू. त्यांना पहिल्यांदा एकच सांगा, बाकी नंतर. अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर टाकायची नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो, आणि घरात चार वर्षांचं मूल आहे. हे आजपासून बंद.

सगळे जंतू मेले तर बिघडलं कुठे, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मागच्या दारी आहे. कुळागरात पोफळीची झावळं, केळीचे गाभे, फणसाची पानं वर्षानुवर्षं पडतात आणि तरी गुडघाभर ढीग साचत नाही, तो कुणामुळे? दिवाळीनंतर शेतात अळसांदे पेरतात, तेव्हा मुलाला घेऊन जा. एक झाड अलगद मुळासकट उपटा, माती झटका. मुळांवर मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर निघाली तर समजायचं की आतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देताहेत. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या द्रव्याचा असतो. आत हिरवट किंवा भुरकट निघाली तर त्या गाठीचं काम संपलेलं. त्याच शेतात पुढच्या पावसाळ्यात भाताला युरिया थोडा कमी लागतो, हे मामंजी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

नदीकडेही बघा. डिचोलीची नदी मांडवीला मिळते, मांडवी समुद्राला. मांडवीकाठच्या खाजनात, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतजमिनीत, मानशीच्या पाणी सोडायच्या दारापाशी पाय रुतला की काळा चिखल वर येतो आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. हवा न लागणारे जंतू खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात, त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा तो वास. चिखल काळा होतो तोही लोह आणि सल्फाइड एकत्र येऊन. समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी गोव्याच्या किनाऱ्यालगत खालचं पाणी वर चढतं आणि तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. मग तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा वातावरण तापवणारा वायू सुटतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. जमिनीवरून वाहून येणाऱ्या नायट्रेटमुळे हे वाढत असावं, असंही त्यांनी म्हटलं. शेतातलं जास्तीचं खत, टाक्यांतून झिरपलेलं पाणी, सगळं शेवटी तिथे पोचतं आणि जंतू त्याचं काहीतरी करतातच. काय करायचं ते आपल्याला विचारून करत नाहीत.

खाजनातल्या चिखलातले हे जे हवा न लागणारे, त्यांचेच भाऊबंद तुमच्या संडासाच्या टाकीत काम करतात. एक गट मैला फोडतो, दुसरा त्याची आम्लं करतो, शेवटचा गट त्या आम्लांपासून मिथेन वायू बनवतो. हे शेवटचे सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात सावकाश वाढणारे. आठवड्यातून एकदा टोपणभर क्लीनर वापरून भांडं घासलं तर त्यांचं काही बिघडत नाही, तेवढी भीती बाळगू नका. रोज अ‍ॅसिडच्या बाटल्या ओतल्या की शेवटचा गट आधी थंडावतो, आम्लं साचतात, वास वाढतो. वास आला म्हणून यजमान आणखी ओततात. हे चक्र थांबवा. साबण आणि ब्रश पुरे.

पावडरच्या डब्याचं काय? नको. टाकीला लागणारे जंतू प्रत्येक वेळी संडासाला जाताना घरातली माणसं फुकट पुरवतात, तेही रोज ताजे. अशा पावडरींनी गाळ काढायचं टळतं याला आधार नाही, अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही त्यांची गरज नाही असंच सांगते.

पण माझा खरा संशय अ‍ॅसिडवरही नाही, पावसावर आहे. श्रावणात जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं. टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जिरायचं, तर खड्डा आधीच भरलेला. मग टाकी तुंबते आणि वास मागे येतो. छपराच्या पागोळ्यांचं पाणी खड्ड्याच्या बाजूला जातंय का बघा, जात असेल तर पन्हळ वळवा. टाकीची वास जाण्याची नळी मोडलीय का, तिच्या तोंडावरची जाळी पाल्याने बुजलीय का, तेही बघा. टाकी शेवटची कधी उपसली होती? दोन-तीन वर्षांवर गेली असेल तर पाहुणे यायच्या आधी सक्शन टँकर बोलवा. सहा-सात माणसांसाठी बांधलेल्या टाकीत तीस माणसांचं पाणी पडलं की मैल्याला खाली बसायला सवडच मिळत नाही, तो तसाच खड्ड्यात ढकलला जातो आणि खड्डा कायमचा चोंदतो. चवथीचे ते दिवस न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी केळींकडे सोडा. आणि कुणालाही, कितीही ओळखीचा गडी असला तरी, टाकीत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो, वाचवायला उतरलेला दुसराही कोसळतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवून टाकी साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

टाकी आणि विहीर तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्यात, जमिनीखाली त्या एकच आहेत. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट लांब हवा. आपल्याकडे जांभा दगड, त्यात भोकं आणि चिरा, त्यातून पाणी मातीतल्यासारखं गाळून निघत नाही, म्हणून आणखी लांब असेल तर बरं. अंतर आजच मोजा. मग पाणी तपासा. मांजा या भारतीय संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक साधी पद्धत सुचवली, ती अजून चालते. औषध लावलेल्या कागदाची छोटी बाटली असते, तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, घरातच ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर मैल्याची शंका. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचे संच गावोगाव दिलेले आहेत, पंचायतीत किंवा पाणीपुरवठा खात्याकडे विचारा. रोजच्या वापरातली बादली न वापरता, स्वच्छ भांड्याने पाणी काढा आणि बाटलीच्या तोंडाच्या आत बोट लावू नका, नाहीतर तुमच्याच हाताची तपासणी होईल.

मामंजींच्या नारिंगी थराला घाबरायचं कारण नाही. आपला प्रदेश लोहखनिजाचा. पाण्यात विरघळलेल्या लोहाचा गंज करून त्यावर जगणारे जिवाणू असतात, हा बुळबुळीत थर त्यांचा. पाण्यावर तेलासारखा तवंगही येतो, खाणीतलं डिझेल पाण्यात आलं म्हणून लोक घाबरतात. काठीने डिवचून बघा. तवंगाचे पापुद्र्यासारखे तुकडे पडून वेगळे झाले आणि तसेच राहिले तर तो या जिवाणूंचा. खरं तेल लगेच परत जुळून येतं. हे जंतू रोग करत नाहीत, पाइप चोंदवतात आणि पांढऱ्या कपड्यांवर डाग पाडतात. थर ब्रशने घासून काढा.

बाटली काळी झाली तर विहिरीत ब्लीचिंग पावडर घालायची, आणि यजमानांच्या उत्साहाला ही खरी जागा. हिशेब त्यांच्याकडून करून घ्या. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले चार. जे येईल तेवढे हजार लिटर पाणी. अडीच मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण १९,६०० लिटर. दर हजार लिटरला चांगली, ताजी पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे पन्नासेक ग्रॅम. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून पातळ लापशी करायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. चुना खाली बसतो, तो विहिरीत टाकायचा नाही. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, आजूबाजूला हलवायची. तासभर कुणी पाणी काढायचं नाही. तासाने पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. तुमच्या विहिरीत लोह जास्त, आणि क्लोरीन लोहातच खर्ची पडतं, त्यामुळे वास आला नाही तर क्लोरीन तपासायच्या पट्टीने बघा. लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे, नसेल तर अर्धी मात्रा पुन्हा.

पाहुणे आले की हे काम रात्री जेवणं झाल्यावर करा, सकाळी पाणी तयार. घरात माणसं आहेत तोवर दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. पावडरचा डबा कोरड्या जागी, घट्ट झाकून, मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. उघडी राहिलेली पावडर पावसाळी हवेत महिन्याभरात निकामी होते, मागच्या वर्षीचा डबा चालणार नाही. मुलासाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पाणी त्याउपर उकळाच, खळखळून एक मिनिट पुरतं. आणि बाटली दुसऱ्यांदाही काळी आली, तर पावडरवर भागवू नका. तेव्हा खड्ड्याचं अंतर लिहून घेऊन पंचायतीत जा. पाऊस ओसरल्यावर खड्डा हलवायचा की विहिरीला वरून सिमेंटची कड घालायची, हे तिथल्या माणसाने जागेवर येऊन बघितल्याशिवाय ठरवू नका. तोपर्यंत प्यायला नळाचं पाणी वापरा आणि विहिरीचं न्हाणी-धुण्याला ठेवा.